एका कप्प्यातली नावे

"तुमच्या नाईकनवरेनं मुळाचं हेडरच दिलेलं नाही," आमचे उपसंचालक डॉ. वाळिंबे म्हणाले आणि छापील कागदांचे भेंडोळे त्यांनी माझ्यापुढे टेबलावर सोडले. ते उलगडत कडेवरून खाली गेले. प्रत्येक ओळीत यंत्राची एकच तक्रार होती: मूळ म्हणजे काय, ते मला कोणी सांगितलेले नाही.

"माझी नाईकनवरे?" मी विचारले.

"तुम्हीच तिची बाजू घेता म्हणून म्हटलं, ओगलेबाई."

"अजून घेतलेली नाही. घ्यावी लागेल असं काय घडलंय?"

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि न लावताच हातात धरून ठेवला. "बुधवारी समिती येतेय. कंपायलर चाललेला बघायचा आणि वनिता नाईकनवरेला कायम करायचं की नाही ते ठरवायचं, दोन्ही एकाच बैठकीत. माझं टिपण आज जाईल. मी 'शिफारस नाही' असं लिहिलंय."

"ती बाळंतपणाच्या रजेवर आहे."

"रजेवर जायला माझी हरकत नव्हती. काम अर्धवट टाकून जायला होती. झाडाच्या सगळ्या फायली आहेत आणि मूळ नाही. असं झाड कुठे पाहिलंयत तुम्ही?"

मी अशी पुष्कळ झाडे पाहिली होती, विद्यापीठात तर रांगेने. पण त्या शुक्रवारी मी ते बोलून दाखवले नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची. पुण्याबाहेर एका माळावर ती संस्था होती, आणि तिथे आम्ही एक कंपायलर एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेत होतो. कंपायलर म्हणजे दुभाष्या. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. आमचा दुभाष्या परदेशी यंत्रावर वाढलेला होता. त्याला आमच्याच संस्थेत बांधलेल्या यंत्रावर संसार थाटून द्यायचा होता. अशा स्थलांतराची परीक्षा जुनी आणि निर्दय आहे: नव्या यंत्रावर दुभाष्याने स्वतःचेच भाषांतर करून दाखवायचे.

त्याचा मजकूर असंख्य फायलींत विखुरलेला असतो. काहींत प्रत्यक्ष काम असते. काहींत, ज्यांना हेडर म्हणतात, केवळ परिचय असतो: अमुक नावाची वस्तू आहे, ती अशी आहे, पुढे भेटली तर ओळख दे. परिचय होण्यापूर्वीच एखादे नाव समोर आले, तर यंत्र काम थांबवते. या बाबतीत ते पुण्यातल्या काही घरांहून फारसे वेगळे नाही.

मी स्वतः हस्तलिखितांच्या जगातून आले होते. एकाच ग्रंथाच्या अनेक नकला शेजारी ठेवायच्या आणि कोणता लेखनिक कुठे डुलकी लागून चुकला ते हुडकायचे, हा माझा विषय. संस्थेला व्याकरण जाणणारे कुणीतरी हवे होते. विद्यापीठातल्या मान्यवर वैयाकरणांना तो माळ मानवणारा नव्हता, म्हणून त्यांनी मला उसने दिले. दुभाष्याचा पहिला भाग, म्हणजे वाक्याचे पदच्छेद करणारा, माझ्याकडे आला. दुसरा भाग, म्हणजे त्या पदांचे झाड उभे करून ते यंत्राच्या भाषेत उतरवणारा, वनिताने जवळजवळ नव्याने लिहिला.

वनिता बार्शीची. नेमणूक तात्पुरती, दोनदा वाढवून मिळालेली. तिसऱ्यांदा वाढ देणे नियमात बसत नव्हते. कायम, नाहीतर बाहेर, एवढेच तिच्यापुढे उरले होते. बोलताना ती हातांनी हवेत कप्पे आखत असे, आणि संस्थेत फायलींच्या गटाला, म्हणजे डिरेक्टरीला, कप्पा म्हणण्याची प्रथा तिच्या त्या हातांमुळेच पडली. प्रत्येक हेडर ज्या फायलीला लागेल तिच्या जवळच्या कप्प्यात ठेवायचे, ही तिची पद्धत. वाळिंब्यांना ती पसारा वाटे.

"सगळी हेडरं एका जागी का नाहीत?" त्यांनी तिला एकदा माझ्यादेखत विचारले होते.

"मीठ चुलीपाशी असतं सर, आणि पापड माळ्यावर. दोन्ही बरण्याच असल्या तरी."

"आपण स्वयंपाक करत नाही आहोत."

"ते दिसतंय की ओ सर," ती म्हणाली होती. इतक्या सौम्यपणे, की ते टोमणा मानायचे की माहिती, हे त्यांना ठरवता आले नाही.

ती रजेवर गेली आणि समितीच्या भेटीचे पत्र आले. पाहुणे येणार म्हटल्यावर माणसे अंगण झाडतात. वाळिंब्यांनी कप्पे झाडले. सारी हेडरे त्यांनी एका नव्या कप्प्यात आणून ठेवली. जुन्या यंत्रावर चालवून पाहिले, ते निमूट चालले. मग सगळे टेपवर घेतले, जुने यंत्र परत पाठवण्यासाठी खोक्यांत बांधले, टेप नव्या यंत्रावर उतरवली. त्या दिवसापासून नवे यंत्र मुळासाठी अडून बसले होते.

"मग आता काय करायचं म्हणता?" मी शुक्रवारी विचारले.

"ते हेडर तुम्ही लिहा. झाड तुम्हाला माहीत आहे. हवं तर तिच्या घरी जाऊन विचारा, त्यात काय काय होतं ते."

"आणि टिपण?"

"टिपण त्यात काय होतं याविषयी नाही," ते म्हणाले. "ते इथे नाही, याविषयी आहे."

वनिता नुकतीच माहेराहून परतली होती. रविवारी दुपारी मी हडपसरला तिच्या सासरी गेले. खोलीभर शेकशेगडीच्या ओव्याचा वास होता. सासूबाई बाळंतिणीच्या खोलीला शोभेल एवढाच आवाज काढत वावरत होत्या, आणि वनिता पलंगावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. लेक तिच्या मांडीशी झोपली होती.

"या बाई. काय ओ, वाळलात की तुम्ही. तिकडं जेवायला घालत नाहीत का?"

"मूळ सापडत नाही," मी म्हणाले. "मुळाचं हेडर तू दिलं नाहीस असं वाळिंबे म्हणतात. त्यात काय काय होतं ते सांग, मी पुन्हा लिहिते."

तिच्या हातातली घडी अर्ध्यावर राहिली. "दिलंय की मी. झाडाच्या कप्प्यात आहे."

"आता झाडाचा कप्पा नाही. सगळी हेडरं एकाच ठिकाणी आहेत, आणि तिथे मूळ नाही. फांद्या आहेत, पानं आहेत, मूल आहे. मूळ तेवढं नाही."

मूल म्हणजे झाडाच्या एका गाठीखालची दुसरी गाठ. आमच्या अर्ध्या भागातली सगळी नावे मराठी होती, आणि तीही नाइलाजाने. परदेशी कर्त्यांनी इंग्रजीतली साधी नावे आधीच वापरून टाकली होती, तेव्हा त्यांच्याशी टक्कर होऊ नये म्हणून वनिताने आपली नावे मराठीत ठेवली, रोमन अक्षरांत लिहून.

लेक जागी झाली आणि तिने पहिला सूर लावला. सासूबाई पदर सावरत आल्या, तिला उचलून खांद्यावर घेतले.

"ललू नको ले. कोन ललतंय? माजं बाल ललतंय? शानं बाल ते."

आयुष्यभर लेखनिकांचे स्खलन शोधून माझा कान एका विशिष्ट रीतीने बिघडलेला आहे. तान्ह्यांशी बोलताना मोठी माणसे र आणि ड यांचा ल करतात, आणि ळचाही ल करतात. बाळाचे बाल होते. मी वनिताकडे पाहिले. ती माझ्याकडेच पाहत होती.

"वनिता, मूळ हे नाव तू कसं लिहिलंस?"

"तुम्ही दाखवलं होतं तसं. ल छोट्या एलनं, ळ मोठ्या एलनं. हस्तलिखितांची नावं टाईप करताना तुम्ही करता तसं." तिने दुपटे खाली ठेवले. "नव्या यंत्राला मोठं-छोटं कळत नाही, बाई. त्याला सगळी अक्षरं मोठीच दिसतात."

"म्हणजे त्याला मूळ आणि मूल..."

"एकच नाव. एका कप्प्यात दोन्ही उतरवली, तर दुसरं पहिल्यावर बसतं. पहिलं पुसून." ती सावकाश बोलत होती, स्वतःलाच ऐकवत असल्यासारखी. "मूळ आधी उतरलं असेल, मूल नंतर. म्हणून तर मी ती वेगळ्या घरांत ठेवली होती. नावं बदलायची, तर तीनशे ठिकाणी बदलावी लागली असती. घरं वेगळी केली की झालं."

"हे तू वाळिंब्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. जायच्या दिवशी फाटकाशी. भाऊ आला होता न्यायला, सामान गाडीत चढवत होता. सर बाहेर पडत होते. मी म्हटलं, सर, लक्षात ठेवा हं, मूळ न् मूल एका जागी ठेवू नका. तर ते हसले."

"हसले?"

"मोठ्यानं हसले. म्हणाले, मूळ आलंय, आता मूलही येईल, सुखरूप जा. मला वाटलं कळलं त्यांना." ती थांबली. "त्यांना वाटलं, मी भावाबद्दल बोलतेय."

लेकीला माहेरी न्यायला येणाऱ्या माणसाला मूळ म्हणायचे, हा शब्द पुण्यात आता कोणी सहसा वापरत नाही. वाळिंबे वापरत, कारण त्यांची आई वापरत असे. जुने शब्द जपणाऱ्या माणसाचा त्याच शब्दाने घात करावा, हे मला सुचले असते, तर मी ते कृत्रिम म्हणून खोडले असते.

"टिपणात काय लिहिलंय त्यांनी?" तिने विचारले. ती मूर्ख नव्हती. केवळ हेडरासाठी मी रविवारी हडपसरला येणार नाही, हे ती ओळखून होती.

"शिफारस नाही."

सासूबाईंची पाठ आमच्याकडे होती, पण त्यांचे थोपटणे थांबले.

वनिताने उरलेली घडी पूर्ण केली, ती इतरांवर ठेवली, हाताने दाबून सारखी केली. "नोकरीचं काय ओ, मिळेल कुठंतरी. शाळेत शिकवीन. पण ते स्वतःला उतरवतं, तेव्हा मला तिथं असायचं होतं. दोन वर्षं झोपेत तेच बघतेय." मग म्हणाली, "तुम्ही बोलाल ना तिथं?"

"बोलेन," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी मी वाळिंब्यांच्या खोलीत गेले, तेव्हा ते सुटाबुटात नव्हते. बाह्या वर केलेल्या होत्या आणि बोटाला नेहमीप्रमाणे तारांना डाग देण्याच्या तापल्या सळईचा चटका होता. ते यंत्र त्यांनी अक्षरशः हाताने जोडले होते. त्याच्या आतल्या एकेका तारेची त्यांना अशी ओळख होती, जशी काही लोकांना आपल्या नातवंडांचीही नसते. हे मी त्यांच्या बाजूने सांगते आहे. त्यांच्या बाजूने सांगण्याजोगे तेवढे होते.

"मूळ सापडलं," मी म्हणाले. "मुलाच्या पोटात आहे."

"शनिवारीच सापडलं मला," ते म्हणाले. "टेप स्वतः वाचली. दोन्ही आहेत तिच्यावर. काल येऊन सगळं पूर्वीसारखं वेगळ्या कप्प्यांत लावलं. चालतंय. बुधवारी चालेल."

मला क्षणभर फार हलके वाटले. त्याची मला अजून लाज वाटते. "मग टिपण बदलाल."

"टिपण गेलंय."

"दुसरं पाठवा."

"त्यात काय लिहू?" त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. "उपसंचालकांनी समितीला दाखवायला फायली नीटनेटक्या केल्या आणि दोन आठवडे कंपायलर बंद पाडला, असं? दिल्लीत अर्धे लोक म्हणतायत, हे यंत्र गुंडाळा आणि बाहेरून विकत आणा. त्यांना कारण हवंय. मी ते हातात देऊ?"

"त्यांना कारण हवंय, म्हणून तुम्ही बाई दिलीत."

"समितीला एक नाव लागतं, ओगलेबाई. ते मी नसावं, एवढंच मी पाहिलं. मी गेलो तर यंत्र जाईल. ती गेली तर..." त्यांनी वाक्य सोडून दिले. "ती हुशार आहे. तिला दुसरीकडे मिळेल."

"तिने तुम्हाला सांगितलं होतं. फाटकाशी."

त्यांनी बोटावरचा चटका अंगठ्याने चोळला. मग म्हणाले, "हो. मी घरी जाऊन बायकोलाही सांगितलं, काय गोड बोलली पोरगी म्हणून."

"बुधवारी मी बोलणार आहे," मी म्हणाले.

"बोला," ते म्हणाले. "मी तुम्हाला अडवू शकत नाही." आणि त्यांनी बाह्या खाली केल्या, एकेक बटण लावत, जणू मी निघून गेलेच होते.

रविवारपासून मी एक वाक्य घडवीत होते. विद्वान माणसाचा राग आरडाओरडा करीत नाही; तो संपादन करतो. वाक्याच्या पहिल्या भागात लेखनिकांचा गौरव होता: जे समोर आहे ते न समजताही, निदान जसेच्या तसे, उतरवून ठेवणाऱ्या माणसांचा. दुसऱ्या भागात अशा नकलाकाराचे वर्णन होते, जो सुबकपणासाठी पोथीची पाने हलवतो आणि गहाळ झालेल्या पानाचा दोष कर्त्यावर ठेवतो. तिसऱ्या भागात वाळिंब्यांचे नाव होते. मी ते वाक्य इंग्रजीतही करून ठेवले, कारण समितीचे अध्यक्ष मद्रासकडचे होते. इंग्रजीत ते अधिक थंड झाले, याचे मला समाधान वाटले.

बुधवारी यंत्राच्या खोलीत समिती बसली. अध्यक्ष प्रा. पळनियप्पन हे ठेंगणे, पांढऱ्या दाट केसांचे गृहस्थ; त्यांच्याभोवती इतर सदस्य होते, जे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आपले चेहरे ठरवीत. दुभाष्या स्वतःचे भाषांतर करू लागला. चहा आला, गार झाला, पुन्हा आला. शेवटी यंत्राने एकही तक्रार न करता काम संपवले. सदस्यांनी टाळ्या वाजवाव्यात की काय, अशा नजरेने अध्यक्षांकडे पाहिले. माझ्या मनात आले, की हा क्षण पाहण्यासाठी जी बाई झोपेत जागत होती, ती या घटकेला हडपसरला दुपटी वाळत घालीत असेल.

पुढचे सगळे इंग्रजीत झाले. मी ते माझ्या भाषेत सांगते.

पळनियप्पन उठून यंत्राच्या पडद्याशी गेले आणि कप्पे उघडून पाहू लागले. "हे एकच नाव दोन ठिकाणी कसं?" त्यांनी विचारले. "एम, यू, एल. इथेही आणि तिथेही."

"ती दोन वेगळी नावं आहेत, सर," वाळिंबे म्हणाले. "एक मूळ, एक मूल. झाडाचं मूळ, आणि मूल म्हणजे पोर. आमच्या यंत्राला अक्षरांतला फरक दिसत नाही."

अध्यक्ष मोठ्याने हसले. "तुमच्या यंत्राला ळ येत नाही तर. दिल्लीतही येत नाही कुणाला. मी तिथे पलानी आहे." ते पुन्हा पडद्याकडे वळले आणि आणखी थोडा वेळ पाहत राहिले. हसू हळूहळू गेले. "पण हे ज्याने लावलं, त्याला ते आधीच कळलं होतं. नावांना हात लावला नाही. घरं वेगळी केली. प्रत्येक हेडर ज्याच्या कामाचं, त्याच्या शेजारी. मी असं नेटकं स्थलांतर फार थोड्या ठिकाणी पाहिलंय. अभिनंदन, डॉ. वाळिंबे. हे तुमचं?"

त्यांनी ळचा उच्चार अचूक केला.

मी खुर्चीच्या कडेवर सरकले. माझे वाक्य ओठांशी आले होते. वाळिंब्यांनी फक्त मान हलवायची होती. शब्दही लागणार नव्हता.

"नाही," वाळिंबे म्हणाले. "ही मांडणी वनिता नाईकनवरेंची आहे."

अध्यक्षांनी हातातला कागद उलटला. "म्हणजे जिच्याबद्दल तुम्ही 'शिफारस नाही' लिहिलंय, तीच?"

"तीच."

"मग मांडणी जर इतकी चांगली होती, तर दोन आठवडे काम बंद का होतं?"

मी उठून उभी राहिले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, वाळिंबे सोडून. ते पडद्याकडे पाहत होते.

"मी मोडली म्हणून," ते म्हणाले. "सगळी हेडरं मी एका कप्प्यात घातली. तुम्हाला दाखवायला बरं दिसेल म्हणून. एक फाईल दुसरीवर बसली. तिने जाताना मला बजावलं होतं. मला ती चेष्टा वाटली."

"कसली चेष्टा?"

मग वाळिंब्यांना त्या खोलीत, दिल्लीहून आलेल्या माणसांना, इंग्रजीत, समजावून सांगावे लागले की पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते, तिला न्यायला भाऊ येतो, आणि त्या भावालाही मूळच म्हणतात. ते शब्द शोधत होते, चाचरत होते. एका सदस्याने विचारले, "भाऊ? म्हणजे रूट म्हणजे ब्रदर?" कुणीतरी उगाच खोकले. वाळिंबे म्हणाले, "हो. भाऊ," आणि कानांपर्यंत लाल झाले.

पळनियप्पन या वेळी हसले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "आपल्याला काही सांगायचं होतं?"

"नाही," मी म्हणाले आणि बसले.

ते वाक्य मला अजून तोंडपाठ आहे, दोन्ही भाषांत. त्याचा उपयोग कधी झाला नाही. आपला दोष दुसऱ्याच्या माथी मारून शांत झोपू शकणारा माणूस दुसऱ्याचे श्रेय स्वतःच्या माथ्यावर क्षणभरही धरू शकत नाही, ही गोष्ट माझ्या वाचनात कुठे आली नव्हती, आणि माझ्या वाचनाबाहेरच्या गोष्टींशी कसे वागायचे हे मला कधीच नीट जमलेले नाही.

व्हरांड्यात ते माझ्या शेजारून चालले. "तुम्ही उठला होतात," ते म्हणाले.

"हो."

"बसून राहायचं होतंत. मी बोलणारच होतो."

"हे मला कसं कळणार?"

"मलाही कुठे कळलं होतं," ते म्हणाले.

वनिताला त्याच दिवशी कायम केले. यंत्रही टिकले, पळनियप्पन यांनी दिल्लीला काय लिहिले ते आम्हाला दिसले नाही, पण गुंडाळण्याची भाषा बंद झाली. महिन्याभरात वाळिंब्यांना प्रकल्पातून काढून मागच्या इमारतीत 'विशेष सल्लागार' केले. कशाविषयी सल्ला द्यायचा, ते आदेशात नव्हते. मला आनंद झाला. तो लपवण्याची मी तसदी घेतली नाही.

वनिता रुजू झाली ती थेट कामावर पडली. दुभाष्या लहानसहान आज्ञावल्या सुरळीत उतरवी. मोठी दिली की मध्येच यंत्रासकट गारद होई. आठवडाभर ती आणि मी फायलींमागून फायली वाचत होतो. फायली निर्दोष होत्या.

"हे लिखाणातलं नाही, बाई," ती एका सकाळी म्हणाली. "यंत्राच्या पोटातलं आहे. सरांना बोलवू या की."

"बोलव. मी तेवढा वेळ बाहेर जाते."

"का ओ?"

"तो माणूस तुला घालवणार होता, वनिता."

"घालवलं नाही की पण."

"सांगावं लागलं म्हणून."

"कुणी सांगायला लावलं त्यांना?" तिने विचारले. टोमणा नव्हता, तिला खरेच जाणून घ्यायचे होते. मी समोरच्या पडद्यावर काहीतरी वाचत असल्यासारखे केले. "बाई, मला राग आला नसेल असं वाटतं का तुम्हाला? आईच्या दुधावर परिणाम होतो म्हणून सासूबाई रागवूसुद्धा देत नव्हत्या. पण हे यंत्र त्यांच्याएवढं कुणाला कळतंय सांगा. माझा राग धरून ते चालायला लागणार आहे का?"

तिने फोन उचलला. "सर, नाईकनवरे बोलतेय. अडकलंय ओ. येताय का?"

ते आले, ते इतक्या लवकर, की बहुधा वाटेत धावले असावेत. पण दारात पोचल्यावर थांबले. मला पाहिले. आत यावे की नाही, हे त्या खोलीत, जी त्यांनीच बांधली होती, त्यांना ठरवता येईना. वनिताने मागे न वळता पडद्यावर बोट ठेवले आणि कुठे गारद होते ते सांगायला सुरुवात केली. ते दारातूनच, मान लांब करून, ऐकत राहिले.

"उभ्यानं कसं जमायचं, सर? बसा की," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाई, तेवढी ती खुर्ची सरकवा त्यांच्याकडं."

खुर्ची माझ्याच बाजूला होती, लोखंडी आणि जड. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि ढकलली. ती फरशीवरून कर्कश आवाज करत गेली.

वाळिंबे बसले.